कबुली आणि कबुलीजबाब : फादर श्पे यांचा एक ग्रंथ

इ. स. १६३१ मध्ये जर्मनीतील रिंटेल्न या प्रॉटेस्टंट नगरात एक लॅटिन ग्रंथ निनावी प्रसिद्ध झाला. ‘काउत्सियो क्रिमिनालिस’ हे त्याचे नाव; ‘फौजदारी खटल्यांतील सावधगिरी’ असा त्याचा अर्थ. विषय चेटकिणींवरील खटल्यांचा. लेखक होते येशूसंघीय धर्मगुरू फ्रीड्रिख श्पे (१५९१-१६३५). जर्मन साहित्यात भक्तिकवी म्हणून त्यांचा मान मोठा आहे. परंतु माझ्या मते त्यांचे श्रेष्ठ लेखन काव्यात नसून या रूक्ष, प्रश्नोत्तरी गद्यात आहे.

चेटकिणींच्या छळाचा विषय निघाला की आपल्यातील काही जण सारा दोष राजसत्तेच्या न्यायालयांवर ढकलून मोकळे होतात. इतिहास इतका सोयीचा नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी नोंदलेल्या एका धर्मनियमाने, स्त्रिया रात्री आकाशमार्गे संचार करतात ही समजूत निव्वळ भ्रम ठरवली होती. पुढे १४८४ मध्ये पोप आठवे इनोसंट यांच्या आज्ञापत्राने डोमिनिकन धर्मगुरू हाइन्रिख क्रामर यांना पाठबळ मिळाले आणि त्यांच्या ‘मालेउस मालेफिकारुम’ या ग्रंथाने त्याच भ्रमाला शास्त्राचे रूप दिले. (इन्सब्रुक येथे १४८५ साली याच क्रामर यांचे खटले तेथील बिशपांनी थांबवले होते, हेही सांगितले पाहिजे.) प्रॉटेस्टंट प्रदेशांतही चिता पेटल्या. युरोपभर चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. वुर्त्सबुर्ग व बाम्बेर्ग येथे १६२६ ते १६३१ या काळात जे घडले ते तर बिशपांच्याच राज्यात. तेथे राजदंड आणि धर्मदंड एकाच हाती होते.

श्पे हे सारे दुरून पाहत नव्हते. देहदंड झालेल्या अनेकींचे पापनिवेदन त्यांनी ऐकले होते. त्या कबुलीत काय ऐकले ते सांगण्याची धर्मगुरूला मुभा नसते. म्हणून ग्रंथकार ते सांगत नाहीत. एवढेच म्हणतात की, आपण ज्यांना चितेपर्यंत सोबत केली त्यांपैकी एकीलाही दोषी म्हणण्यास आपले मन धजत नाही. या एका वाक्यामागे किती दडले आहे ते पापनिवेदन ऐकणाऱ्यास तरी सांगावे लागू नये.

आपल्या भाषेत ‘कबुली’ हा शब्द न्यायालयासाठीही चालतो आणि प्रायश्चित्त संस्कारासाठीही. त्या काळच्या न्यायाधीशांनी नेमका हाच गोंधळ केला. संस्कारातील कबुली माणूस स्वेच्छेने देतो, म्हणून ती मोक्षदायी. न्यायालयाने तेच पावित्र्य हात पिरगाळून, सांधे निखळवून मिळवलेल्या शब्दांना बहाल केले. काही धर्मगुरूही त्यात सामील झाले. स्त्रीने गुन्हा मान्य केल्यावाचून तिचे निवेदन ऐकायचेच नाही असा त्यांचा बाणा. श्पे यांचा सर्वांत तिखट शब्द आपल्याच या बंधूंसाठी राखून ठेवलेला आहे. दर आरोपीमागे मोबदला घेणारे चौकशी अधिकारी आणि सारे अधिकाऱ्यांवर सोपवून निश्चिंत झोपणारे राजे यांनाही ते सोडत नाहीत.

ग्रंथाच्या अखेरच्या भागात खटल्याची सारी रीत क्रमाने मांडली आहे. स्त्रीचे आचरण वाईट असेल तर तो पुरावा. चांगले असेल तर ते ढोंग, म्हणून तोही पुरावा. ती घाबरली तर मन खाते आहे. न घाबरली तर सैतान धीर देतो आहे. छळात बोलली तर कबुली, गप्प राहिली तर मौनाचे चेटूक. येथे ग्रंथकार टीका करीत नाहीत, आवाज चढवीत नाहीत. नुसती यादी देतात. उपरोधाचे असे संयत उदाहरण धार्मिक वाङ्मयात मला क्वचितच आढळले.

ग्रंथात दोष आहेत. पुनरुक्ती फार आहे. शिवाय पहिल्याच प्रश्नाला, चेटकिणी खरोखर असतात काय, याला ते होकार देऊन टाकतात. कोणी हा धोरणीपणा मानतात. मला तसे वाटत नाही. ते आपल्या काळाचेच अपत्य होते. मात्र त्यामुळेच त्यांचे म्हणणे बळकट होते. सैतानावर विश्वास असूनही ते गहू आणि निदण यांच्या दाखल्याकडे बोट दाखवून म्हणतात की, निरपराध उपटला जाण्याचे भय असेल तर हात आवरा. श्रद्धेने पेटवलेल्या चितेवर श्रद्धेनेच घेतलेला हा आक्षेप आहे.

जाता जाता एक गोष्ट. १६१७ साली श्पे यांनी भारतात मिशनकार्यासाठी पाठवावे अशी आपल्या वरिष्ठांना विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. आदल्याच वर्षी राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले होते. हे दोन कवी एका किनाऱ्यावर भेटले असते, ही कल्पना मनाला सुखावते. पण मग हा ग्रंथ लिहिला गेला नसता.

ग्रंथामुळे संघातील काहींचा रोष त्यांनी ओढवून घेतला. १६३५ मध्ये ट्रियर येथे आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीने त्यांचे निधन झाले. तत्त्वज्ञ लाइब्निट्स यांनी लिहून ठेवले आहे की, ग्रंथाचा कर्ता कोण हे आपल्याला योहान फिलिप फोन शोनबोर्न यांच्याकडून कळले. तरुणपणी श्पे यांचा सहवास लाभलेले शोनबोर्न १६४२ मध्ये वुर्त्सबुर्गचे बिशप झाले आणि आपल्या राज्यात त्यांनी ह्या चिता थांबवल्या. २००३ साली या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना सर्व प्रश्न वाचणे जमणार नाही त्यांनी अखेरचा भाग आधी वाचावा.