बॅक्सची हार्प : साथीपासून संवादापर्यंत

आयर्लंडच्या नाण्यावर हार्प, पासपोर्टवर हार्प, सरकारी पाकिटावरही हार्प. इतकी वर्षं इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीजणांनी ती अर्धा तास बसून ऐकली आहे? ऐकायची असेल तर मी अर्नोल्ड बॅक्सचा व्हायोला आणि हार्पसाठीचा 'फँटसी सोनाटा' (१९२७) सुचवीन.

बॅक्स (१८८३-१९५३) लंडनचा. येट्सच्या कवितांनी त्याला आयर्लंडचं वेड लावलं. तो काही काळ डब्लिनमध्ये राहिला, डर्मट ओ'बर्न या आयरिश नावाने कविता लिहू लागला आणि अखेर कॉर्कमध्ये वारला. १९१६ च्या ईस्टर उठावानंतर पॅट्रिक पिअर्सला गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा या इंग्रजाने त्याच्या स्मरणार्थ संगीतरचना केली. त्याच वर्षीचा त्याचा 'एलिजिआक ट्रिओ' बासरी, व्हायोला आणि हार्पसाठी आहे. परक्या देशाचं दुःख आपलं म्हणण्याचा हक्क कुणाला असतो, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. ट्रिओतलं दुःख मला खरंच वाटतं. पण त्यातली हार्प? ती बरीचशी स्वरमंडलासारखी. किशोरीताईंच्या मांडीवरचं स्वरमंडल आठवा : वातावरण भारून टाकतं, पण बोलायचं ते गळ्यानेच. इथे बोलतात बासरी आणि व्हायोला.

सोनाटात मात्र हार्प बोलते. तो मारिया कोर्चिन्स्का या वादिकेला अर्पण केलेला आहे. तीही रशिया सोडून लंडनला आलेली. हार्पच्या ४७ तारा आणि सात पेडल्स. एक पेडल दाबलं की सगळ्या सप्तकांतला तो एक स्वर एकदम चढतो किंवा उतरतो. म्हणजे वाजवता वाजवता पायाने थाट बदलणारं स्वरमंडलच! प्रत्येक पेडलच्या तीन जागा, म्हणजे एकूण २१८७ जुळण्या (सवय जात नाही, हिशेब केलाच). बॅक्सचे स्वर सतत रंग बदलतात, त्यामुळे वादिकेच्या पायांना उसंत नसते.

कुणी म्हणेल, ही आयरिश हार्प नव्हेच. बरोबर आहे. नाण्यावरची हार्प ट्रिनिटी कॉलेजमधल्या जुन्या वाद्यावरून घेतलेली. तशा हार्पला धातूच्या तारा असत, त्या नखांनी छेडत, आणि पेडल्स नसत. १७९२ च्या बेलफास्टच्या मेळाव्यात नखांनी वाजवणारा डेनिस हेम्पसन तेवढा उरला होता. बॅक्सने त्या जुन्या नादाची नक्कल केली नाही, हे मला त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. थांबावं कुठे हे मात्र त्याला कळत नाही. शेवटचा भाग लांबलाच आहे.

वेळ कमी असेल तर तिसरा, संथ भाग आधी ऐका. हार्पची तार छेडली की स्वर लगेच विझू लागतो, मींड नाही, आस थोडी. व्हायोलाचा गज स्वर हवा तितका धरून ठेवू शकतो. तरी तिथे मी दर वेळी वाट पाहतो ती हार्पच्या पुढच्या स्वराची.