आवर्तन पुरे होईपर्यंत : २०२४ मधील ख्यालश्रवणाचा आढावा

एखाद्या वर्षात काय गायले-वाजवले गेले याचा आढावा संगीतसमीक्षा नेहमी घेते, परंतु त्या वर्षात रसिकांनी काय ऐकले आणि कसे ऐकले याची नोंद ती क्वचितच ठेवते. ख्यालगायनाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण ख्यालातील बंदिश चार-दोन ओळींची असते आणि तिच्याभोवतीचा रागविस्तार गायक समोरच्या श्रोत्यांच्या साक्षीने, त्यांची दाद आणि त्यांचे मौन अजमावत घडवत नेतो. श्रोत्याची धारणाशक्ती, म्हणजे मागचे मनात धरून पुढचे ऐकण्याची शक्ती, क्षीण झाली तर गायकापाशी कितीही विद्या असली तरी तो विस्तार हळूहळू आखडत जातो. या दृष्टीने २०२४ कडे पाहिले असता ख्यालाच्या आजच्या अवस्थेबद्दल बरेच काही हाती लागते.

हे वर्ष रसिकांसाठी वियोगाचे ठरले. ९ जानेवारीला रामपूर-सहसवान घराण्याचे राशिद खान वयाच्या अवघ्या ५५ व्या वर्षी कोलकात्यात निवर्तले. चारच दिवसांनी, १३ जानेवारीला, किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका प्रभा अत्रे यांचे पुण्यात निधन झाले. एप्रिलमध्ये गायक कुमार गंधर्वांचे जन्मशताब्दी वर्ष संपले. नोव्हेंबरात सारंगीवादक राम नारायण आणि १५ डिसेंबरला तबलावादक झाकिर हुसेन गेले. साहजिकच वर्षभराचे श्रवण ध्वनिमुद्रणांकडे वळले, आणि ती मुद्रणे कोणालाही, कधीही, घरबसल्या मिळत असल्याने उपलब्धतेच्या बाबतीत आजच्या श्रोत्याइतका श्रीमंत श्रोता पूर्वी कधी नव्हता. तरीही या मुद्रणांचा मोठा भाग त्याच्यापर्यंत पोहोचला तो मिनिट-दीड मिनिटाच्या चित्रफितींच्या रूपात, आणि या वर्षाची खरी समस्या तिथेच आहे.

ती समजण्यासाठी तालाचा साधा हिशेब पुरेसा आहे. विलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीतील, एकतालाचे एक आवर्तन बारा मात्रांचे असते. किराणा पद्धतीच्या गायकीत एकेक मात्रा चार-पाच सेकंद रेंगाळते, त्यामुळे एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे एक मिनिट लागते. आवर्तनाची पहिली मात्रा ती सम, आणि गायक बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिच्या सुरुवातीचे शब्द, घेऊन तिथे परततो तेव्हा एक वर्तुळ मिटते. मिनिटभराच्या चित्रफितीत असे जेमतेम एक वर्तुळ मावते. श्रोत्याला समेचा आनंद मिळतो, पण ही सम आधीच्या दहा समांहून वेगळी का वाटली हे त्याला उमगत नाही, कारण त्या दहा समा त्याने ऐकलेल्याच नसतात.

प्रभा अत्रे यांचा मारूबिहाग हे याचे उत्तम उदाहरण होय. या रागात दोन मध्यम आहेत. तीव्र मध्यम रागाचा कणा आहे, तर शुद्ध मध्यम षड्जाच्या संगतीने हलकेच डोकावून जातो. आरोहात, म्हणजे चढत्या क्रमात, ऋषभ आणि धैवत वर्ज्य असतात आणि उतरताना दोन्ही भेटतात, त्यामुळे चढण मोकळी, उडी घेणारी, तर उतरण नितळ आणि घसरती भासते. किराणा गायकीची बढत, म्हणजे रागाचा क्रमशः विस्तार, स्वरास्वराने होत असल्याने शुद्ध मध्यमाचे ते क्षणिक दर्शन परिणामकारक ठरते ते श्रोत्याच्या कानात तीव्र मध्यम पुरेसा मुरल्यानंतरच. याच गायिकेने सरगम, म्हणजे स्वरांची नावे उच्चारत केलेला विस्तार, या विषयावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली आणि सरगम ही चमत्कृती नव्हे, तर रागविस्ताराचे सार्थ अंग आहे ही भूमिका सातत्याने मांडली. सरगमेचा तुकडा तेवढा कापून दाखवला की नेमकी हीच भूमिका खोटी पडते आणि उरते ती फक्त चमत्कृती.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून कित्येक दशके रसिकांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरच राग ऐकला, मग आजच्या लघुतेलाच दोष का द्यावा? याचे उत्तर असे की तबकडीसाठी गाणाऱ्या कलावंताला आपल्या हाती किती वेळ आहे हे ठाऊक असे आणि त्या वेळात आरंभ, मध्य आणि शेवट बसवून तो एक आटोपशीर घाट घडवीत असे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवली गेली, ती अशीच साडेतीन मिनिटांची आहे आणि तिच्यात कुठेही काही अपुरे राहिल्याची भावना होत नाही. कुमार गंधर्वांनी तर छोट्या, म्हणजे जलद लयीतील, ख्यालाला मोठ्या, म्हणजे विलंबित, ख्यालाच्या शेपटाची जागा न देता स्वतंत्र कलाकृतीची प्रतिष्ठा दिली; क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर देवासला त्यांनी घडवलेली गायकी छोट्या, धारदार स्वरवाक्यांची आहे, आणि तरीही प्रत्येक वाक्य मागच्याला जोडलेले आहे. आखूड घडवणे आणि लांबाचे आखूड तोडणे यांतील हा भेद समीक्षेने ठामपणे सांगितला पाहिजे.

राशिद खान यांच्या बाबतीत हा भेद वेगळ्या रूपाने समोर येतो. ‘जब वी मेट’ (२००७) या चित्रपटातील गीतामुळे ख्यालाशी संबंध नसलेल्या असंख्य तरुणांना त्यांचा आवाज परिचयाचा झाला, आणि त्या गीताला कमी लेखणे अन्यायाचे होईल, कारण दार कुठलेही असो, माणूस घरात येणे महत्त्वाचे असते. निसार हुसेन खान यांच्या तालमीतून आलेल्या या गायकाने तराणा, म्हणजे अर्थवाही शब्दांऐवजी निरर्थक बोलांवर बांधलेली द्रुत रचना, आपल्या गुरूकडून वारशात घेतला आणि त्याला संथ, भावगर्भ आलापीची जोड दिली. ही जोड ज्यांनी ऐकली त्यांनाच जानेवारीतील हानी किती मोठी होती हे कळले.

सारंगी आणि तबला यांच्याबाबतचे श्रवण संगतीच्या प्रश्नाकडे नेते. सारंगीत आतड्याच्या तीन मुख्य तारांखाली तीसहून अधिक तरफेच्या तारा असतात, ज्या मुख्य स्वराला प्रतिसाद देत आपोआप झंकारतात, आणि वादक तारेला नखांच्या मुळाशी कडेने स्पर्श करीत सरकतो. म्हणून गळ्यातील मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाणारी रेघ, तिच्यावर जशीच्या तशी उमटते. राम नारायण यांनी साथीच्या या वाद्याला एकलवादनाचा मान मिळवून दिला, परंतु गायनाच्या साथीत तिची जागा मात्र हार्मोनियमने घेतली, जिचे स्वर पट्ट्यापट्ट्यांनी सुटे असतात. झाकिर हुसेन यांना त्याच वर्षी फेब्रुवारीत तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि बहुतेक स्मरणलेखांत त्यांच्या वेगाचेच कौतुक झाले. वास्तविक साथ करताना ठेका, म्हणजे तालाचे ठरावीक बोल, स्थिर ठेवून गायकाला मोकळे रान देण्यातला त्यांचा संयम हा तितकाच अभ्यासाचा विषय आहे.

काळाचे भानही याच चर्चेत येते, कारण रागांना गायनाच्या ठरावीक वेळा मानल्या जातात. गायक भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालत असे. ध्वनिक्षेपकावर रात्री दहाची आणि मोजक्या दिवशी बाराची मर्यादा आल्यापासून उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग खुल्या मंडपात त्यांच्या वेळी ऐकणे दुर्मीळ झाले. रहिवाशांच्या झोपेसाठी ती मर्यादा योग्यच आहे, पण त्यामुळे दरबारी मध्यरात्री आणि ललित पहाटे ऐकण्याची जबाबदारी आता एकेकट्या श्रोत्यावर आणि त्याच्याजवळच्या ध्वनिमुद्रणावर येऊन पडली आहे.

ही जबाबदारी पेलणे अवघड नाही. चाळीस मिनिटांचे मुद्रण मध्ये न थांबवता, त्याच्या वेळी, वर्षातून दहा-बारा वेळा ऐकणारा श्रोताही धारणाशक्ती राखू शकतो, आणि आकाशवाणी, संगीतसभा व खासगी संग्राहक यांनी आपल्याजवळच्या मैफली तुकडे न करता, राग, ताल आणि स्थळकाळाच्या नोंदीसह प्रसिद्ध केल्या तर त्याचे काम सोपे होईल. २०२४ मध्ये गेलेले कलावंत परत येणार नाहीत. त्यांचा मारूबिहाग किंवा त्यांची सारंगी पुढच्या पिढीला कळेल की नाही, हे मात्र समेपासून समेपर्यंत, आणि मग पुन्हा पुढच्या समेपर्यंत, ऐकत बसणाऱ्यांच्या संख्येवर ठरेल.