राजा रविवर्मा यांच्या चित्रांतील बालपण आणि सामाजिक वर्ग : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकात मुद्रणकलेच्या प्रसारामुळे चित्र सामान्य माणसाच्या घरात पोहोचले. नेदरलँड्समध्ये योझेफ इस्राएल्स या चित्रकाराने कोळ्यांच्या दरिद्री जीवनावर तैलचित्रे व अम्लरेखने केली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि त्यांची रंगीत छापचित्रे महाराष्ट्रातील घराघरांत लागली. या चित्रांतील मूल कोणत्या वर्गाचे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :

इस्राएल्सच्या ‘समुद्राची मुले’ (१८७२) या चित्रात अनवाणी मुले होडीच्या खेळण्याशी खेळतात. थोरल्याच्या पाठीवर मात्र धाकटे भावंड आहे. खेळातच पुढील कष्टांची चाहूल लागते. रविवर्म्यांच्या छापचित्रात यशोदा गाईची धार काढते आणि कृष्ण पेला घेऊन मागे उभा असतो. घर गवळ्याचे, पण मूल अलंकारांनी नटलेले. श्रम आईच्या वाट्याला व लाड मुलाच्या वाट्याला, अशी ही विभागणी आहे.

प्रत्यक्षातील चित्र निराळे होते. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांच्या कामास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र रोज नऊ तास काम करण्याची मुभा राहिली. वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जात असे, तेथील हे मूल देवघरातील छापचित्रात दिसत नाही.

रविवर्म्यांना गरिबीचे भान नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८९३ मध्ये त्यांनी ‘बाबा आले’ व ‘जिप्सी’ ही दोन्ही तैलचित्रे रंगविली. पहिल्यात आईच्या कडेवरील मुलाला सुरक्षित घर आणि परतणारा पिता आहे. दुसऱ्यात भटक्या स्त्रीची मुले उघड्यावर आहेत. एकाच वर्षी, एकाच कुंचल्यातून बालपणाचे दोन वर्ग साकारले. तथापि घराच्या भिंतीवरील मानाची जागा बाळकृष्णालाच मिळाली. गरिबाने आपल्या घरात लावलेल्या चित्रातही त्याचे स्वतःचे मूल नव्हते.

निष्कर्ष :

रविवर्म्यांच्या छापचित्रांनी बालपणाला प्रतिष्ठा दिली; परंतु ती दैवी व संपन्न बालपणाची होती. पोहरादेवीसारखे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या वाशिम जिल्ह्यात या निष्कर्षाला विशेष अर्थ आहे. भटक्या व कष्टकरी घरातील मूल केवळ करुणेचा विषय म्हणून नव्हे, तर बालपणाचा समान हक्कदार म्हणून चित्रात यावे, ही अपेक्षा आजच्या शालेय पुस्तकांतील चित्रांकडूनही ठेवावी लागेल.