पत्र्याखालची भिंत

रंगवलेली भिंत समोरून पाहू नये. मोबाइलची बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून, उजेड तिरपा मारून पाहावी. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर मग पुट्टी ओढायच्या पत्र्याच्या रेघा, लाटा, घासायचं राहून गेलेलं सगळं उघडं पडतं.

शेजारच्या घरात गणपतीआधी एक खोली रंगवली गेली. पेंटर मुरलेला, सोबत हेल्पर म्हणून नवा पोरगा. रंगाचे दोन्ही हात पेंटरने मारले, पण बॅटरीच्या उजेडात मला जी भिंत आवडली ती पोराची होती. नव्याच्या हाती ब्रश देत नाहीत. त्याच्या वाट्याला पोपडे खरवडणं, फरशी झाकणं आणि पॉलिश पेपर. पुट्टीचा पहिला हात वाळला की घासायचं, दुसरा वाळला की पुन्हा. आधी १८० नंबरचा पेपर, मग त्याहून बारीक. दंड भरून येतात, पापण्या पांढऱ्या होतात, आणि केलेलं सगळं प्रायमरखाली जातं. इथे खिडकीजवळच्या सांध्यावर तळहात फिरवला, तर जुनं प्लास्टर कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते कळत नाही. रोलरने भिंतीचा मधला भाग तर कुणीही उरकेल.

खरी मजा कपाटामागे आहे. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथली कटिंग पेंटरची, टेप न लावता एका दमात ओढलेली. कपाट येणार त्या कोपऱ्यात मात्र त्याने ब्रश पोराला दिला. रेघ सुरुवातीला थरथरते, एकदा छतावर चढते, रंग जास्त घेतल्याने एक ओघळही सुटलाय. मग साधारण दोन फुटांवर ती सरळ होते आणि तशीच राहते. हात बसला ती जागा भिंतीवर बोटाने दाखवता येते. पेंटरने ती रेघ दुरुस्त केली नाही. खोलीतला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

खटकलं ते एवढंच, की पोराच्या नाकावर साधा रुमाल होता. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगाची दारं कोरडी घासली तर ती धूळ पोराच्याच छातीत जाते. तेव्हा घर रंगवायला काढाल, तर जुनी दारं पाणी मारून घासायला सांगा, घासकामाला पुरेसा वेळ द्या आणि हेल्परला चांगला मास्क स्वतः आणून द्या.