शाळेचा ड्रम ऐकताना

शाळेचं संचलन सुरू झालं की सगळ्यांची नजर मुलांच्या रांगेवर असते. पाय जुळतात का, हात खांद्यापर्यंत जातात का, पुढची ओळ वाकडी होते का. ड्रमची आठवण होते ती तो मध्येच थांबला तर. वास्तविक त्या चार-पाच मिनिटांत कान देऊन ऐकावं असं पुष्कळ घडत असतं.

तेज चाल म्हणजे मिनिटाला 120 पावलं. डावा पाय दर सेकंदाला एकदा पडतो, आणि बास ड्रमचा वजनदार ठोका त्याच क्षणावर येतो. या दोन ठोक्यांमधली सेकंदभराची जागा साईड ड्रमची. तिथे तो बारीक, दाणेदार बोल पेरतो. कधी सरळ चार, कधी एका हातावर जोर देऊन तुटक, कधी दोन्ही काड्या इतक्या जलद की एकेक ठोका वेगळा काढता येऊ नये. बास ड्रम पाय कुठे टाकायचा ते सांगतो, साईड ड्रम तो उचलावासा वाटायला लावतो. संचलनातला सगळा वीररस या दुसऱ्या कामात आहे असं मला वाटतं. नुसत्या बास ड्रमवर मुलं चालतील, पण त्यांची छाती पुढे येणार नाही.

तो दाणेदारपणा कुठून येतो, हे पाहायला ड्रम उलटा करायला हवा. वरच्या पानावर काडी पडते. खालचं पान त्याहून बरंच पातळ, आणि त्याला चिकटून पिळाच्या बारीक तारांचा पट्टा ताणलेला. काडी पडली की आतली हवा खालचं पान ढकलते, तारा क्षणभर सुटतात आणि परत पानावर आपटतात. आपल्याला ऐकू येणारा ‘चर्र’ हा त्या तारांचा. बाजूची कळ दाबून तारा सैल केल्या की तोच ड्रम घुमणारा, भरडा आवाज देतो. वाद्यांच्या खोलीत कोणी बास ड्रमवर सहज थाप मारली, की हात न लावता शेजारचा साईड ड्रम किरकिरायला लागतो. तारा सोडायच्या राहिल्याची ती खूण. वाजवून झालं की कळ खाली करावी, हा नियम फळ्यावर लिहूनही मुलं विसरतात. ही किरकिर एकदा ऐकवली की विसरत नाहीत.

आता हा ड्रम कुठल्या हवेत राहतो ते पाहा. गोव्यातला पेडणे तालुका तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये, समुद्राला लागून. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. पार्सेसारख्या गावात 15 ऑगस्ट येतो तो या पावसाच्या मध्यावर, आणि जानेवारीनंतर कपाटात गेलेला शाळेचा ड्रम नेमका तेव्हा बाहेर निघतो. कडं गंजलेलं, पट्ट्याला बुरशी, चारपाच स्क्रू जाम. मग घाईघाईत जो स्क्रू फिरतो तोच आवळला जातो. पान एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला ढिलं राहतं. मिरवणुकीत तो ड्रम पत्र्यासारखा वाजतो आणि बोल मात्र वाजवणाऱ्या मुलाला लागतो.

याच मुलांच्या कानावर लहानपणापासून दुसरा एक ढोल असतो. फाल्गुनात मांडावर नमन होतं, रोमटामेळाची मिरवणूक निघते, ढोल-ताशे-कासाळ्यांनी पेडण्याचे रस्ते भरतात. तो ढोल चामड्याचा. चामडं हवेतला ओलावा पितं आणि सैल होतं, उष्णता लागली की आकसून ताठ होतं. म्हणून जाणता वादक आधी पान शेकतो, बोटाने टिचकी मारून पाहतो, पुन्हा शेकतो. ओल्या हवेत दोऱ्या करकचून ओढून ढोल तसाच ठेवला, तर हवा कोरडी होताच आकसणारं पान कड्यापाशी फाटतं. म्हणून वाजवून झाल्यावर दोऱ्या थोड्या उतरवायच्या. हे शिकवायला कुणी वर्ग घेत नाही. ढोलाजवळ बसणाऱ्या पोराला ते आपोआप कळतं, कारण चामडं दर तासाला काहीतरी मागतं.

शाळेचा ड्रम काही मागत नाही. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पॉलिएस्टरची पानं बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत जगभरच्या बँडपथकांनी चामडं सोडलं. मोठी सोय झाली, यात शंका नाही. भर पावसात संचलन होऊ शकतं ते त्यामुळेच. पण या पानाला निगा लागतच नाही असा गैरसमज त्यासोबत आला. प्लास्टिक ओलावा पीत नाही, पण सागरी हवेत कडं आणि स्क्रू गंजायचे ते गंजतातच, लाकडी पिंप फुगतं, आणि वाकडा ताण कुठे तक्रार न करता महिनोन् महिने तसाच राहतो. चामडं बिघडलं की ओरडून सांगतं. इथे मात्र बिघाड ओळखायला शिकलेला कान लागतो, आणि तो कान घडवणं हे शाळेचं काम आहे.

तो कसा घडतो ते एखाद्या सातवी-आठवीतल्या मुलीच्या हातात चावी देऊन पाहावं. आधी सगळे स्क्रू बोटांनी, लागतील तेवढेच फिरवायचे. मग चावीने एकाला अर्धा वेढा, आणि पुढचा शेजारच्याला नाही, समोरच्याला. पुन्हा त्याच्या बाजूच्याला, पुन्हा समोर. शेजारी-शेजारी आवळत गेलं तर कडं तिरकं बसतं. दोन फेऱ्या झाल्या की पानाच्या मध्यावर एक बोट अलगद टेकवायचं आणि प्रत्येक स्क्रूजवळ, कड्यापासून इंचभर आत, काडीने हलकं टोचायचं. इथे तिचा चेहरा बदलतो. सहा ठिकाणी सहा सूर! आतापर्यंत तिच्यासाठी ड्रम फक्त जोरात किंवा हळू वाजत होता. तो उंच किंवा खाली बोलतो हे तिला प्रथमच कळतं. खालच्या सुराला पाव वेढा वर, चढलेल्याला थोडा खाली. हळूहळू सगळ्या जागा एक बोलू लागतात. मग मध्यावरचं बोट काढून एक ठोका. तो गोल, भरीव नाद तिने स्वतः जुळवलेला असतो, आणि त्या ड्रमवर डबा ठेवणाऱ्याला यापुढे ती सोडणार नाही.

या टोचून पाहण्याला मी रसग्रहणच म्हणेन. रचना कशाने तोलली गेली आहे, कुठे सैल पडली आहे, हे भाग करून ऐकायचं आणि शेवटी पुन्हा एकत्र ऐकायचं. भाषेच्या तासाला आपण मुलांकडून हेच तर मागतो.

ही दृष्टी आपल्याकडे फार जुनी आहे. नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग येतात, आणि अवनद्ध वाद्यांना स्वतंत्र अध्याय आहे. कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांचे वेगवेगळे नाद ऐकून स्वाती मुनींना पुष्कर वाद्यं सुचली, अशी कथा तिथे आहे. त्याच ठिकाणी चामडं कसं नसावं हेही बजावलं आहे: जुनं, फाटलेलं, धुराने खराब झालेलं नको. नाट्याच्या ग्रंथालाही ही किरकोळ बाब वाटली नाही. गोव्याच्या घुमटाच्या बाबतीत तर प्रश्न आणखी पुढे गेला. या मातीच्या वाद्याला घोरपडीचं कातडं लागे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते वापरणं गुन्हा ठरलं आणि बकरीचं कातडं आलं. 2019 मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित झालं. आपल्या वाद्याचं पान कशाचं आणि का, हे मुलांना ठाऊक असावं.

पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत सराव सुरू होण्याआधी वाद्यपूजन होतं, आणि ढोलांची पानं चढवणं, दोऱ्या ओढणं ही कामं वादक मुलंमुली स्वतः करतात. ज्याने पान चढवलं तो टिपरू, म्हणजे ढोलाची काडी, कुठेही आपटत नाही. शाळांनी पथकांचा आवाज उचलण्याआधी ही सवय उचलावी.

करायचं फारसं काही नाही. एका ड्रमला दोन मुलांची जोडी. वाजवून झालं की सुती कोरड्या फडक्याने पुसणं, तारा सोडणं, काडीचं टोक चिरलेलं नाही ना हे बोट फिरवून पाहणं, कारण चिरलेलं टोक पान कापतं. महिन्यातून एकदा स्क्रूला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. पावसाळ्यात ड्रम जमिनीवर नको आणि भिंतीला टेकूनही नको. एकावर एक रचायचे तर नाहीतच. आणि आठवड्यातून एकदा तरी तो बाहेर काढून टोचून ऐकायचा.

शारीरिक शिक्षणाच्या आणि संगीताच्या शिक्षकांना एवढीच विनंती: यंदाच्या 15 ऑगस्टच्या तयारीचा पहिला तास वाजवण्यासाठी ठेवू नका, ड्रम जुळवण्यासाठी ठेवा. आणि ती चावी मुख्याध्यापकांच्या कपाटात न ठेवता ड्रमच्या पट्ट्यालाच बांधा, मुलांच्या हाताला लागेल अशी.