अक्षर, उच्चार आणि पृष्ठ : एका स्वाध्यायाचे परीक्षण

मुद्राक्षरकला शिकविण्याचा एक मार्ग असा आहे की, विद्यार्थ्याला आधी नियम न सांगता एक लहानसा उतारा द्यावा, आणि त्याचे नियतकालिकातील पृष्ठ असे रचावयास सांगावे की, उताऱ्याचा भाव वाचनापूर्वीच डोळ्यांना जाणवावा. उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमांत हा स्वाध्याय आता परिचयाचा झाला आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर सोपे आहे. कागदावर जे रचले जाते ते चित्र होण्यापूर्वी भाषा असते. आणि विद्यार्थी हे विसरला की काय होते, ते पाहणे आमच्याही कक्षेतले आहे.

अशी तीन पृष्ठे मजकडे अभिप्रायासाठी आली. तिन्हींचा उतारा एकच होता : पुणे-सातारा रस्त्यावरील, भोर तालुक्यातील कामथडी या गावाच्या परिसराचे साधे वर्णन. मथळाही एकच, 'कामथडी'.

पहिल्या पृष्ठावर हा मथळा पानाच्या एका समासापासून दुसऱ्यापर्यंत पसरलेला आहे. का, म, थ, डी ही चार अक्षरे समान अंतरावर सुटी उभी आहेत. विस्तीर्ण माळाचा भास व्हावा, हा हेतू स्पष्ट दिसतो. ही युक्ती रोमन लिपीतून आलेली आहे. तेथे प्रत्येक वर्ण मुळातच सुटा असल्यामुळे मथळ्यातील मोठे वर्ण विरळ केले तरी शब्द मोडत नाही, उलट त्याला डौल येतो. देवनागरीत मोठे आणि लहान वर्ण असा भेद नाही, आणि शब्दाला एकत्र बांधणारी शिरोरेखा आहे. ती तीन ठिकाणी तुटली की वाचकाला एका शब्दाऐवजी चार अक्षरांची यादी दिसते. परंतु माझा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. 'कामथडी' आपण लिहितो चार अक्षरांत, उच्चारतो मात्र तीन अवयवांत : काम्-थ-डी. मधल्या 'म'मधील अकार बोलताना लोपतो आणि तो व्यंजन होऊन आधीच्या 'का'ला चिकटतो. समान अंतराच्या मांडणीने त्या 'म'ला जी स्वतंत्र जागा दिली ती कोणत्याही मराठी तोंडात नाही. डोळा चार पावले चालतो, कान तीन. ही विसंगती विद्यार्थ्याच्या ध्यानात आली नाही यात नवल नाही, कारण तिच्याविषयी त्याला कोणी कधी सांगितलेलेच नव्हते. आमच्या मुद्रणविषयक पाठ्यपुस्तकांचा बराचसा भाग रोमन लिपीच्या नियमांचे भाषांतर असतो.

दुसरे पृष्ठ अधिक धाडसी आहे. उताऱ्यातील 'दऱ्या' हा शब्द निवडून विद्यार्थ्याने तो पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरविला आहे. प्रथम द, त्याखाली अर्धा र, त्याखाली या. आकृतीने अर्थाची नक्कल करण्याची ही रीत आपल्या परंपरेला नवी नाही. संस्कृतातील पद्मबंध आणि खड्गबंध हेच करीत होते, आणि मम्मटाने अशा चित्रकाव्याला 'अवर' म्हणून तिसऱ्या पायरीवर बसविले. तरी बंधकारांचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. कमळाच्या पाकळीत ते अख्खे अक्षर ठेवीत, अक्षराचा तुकडा कधीही ठेवीत नसत. देवनागरीचा अविभाज्य घटक कोणता, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आमच्या विद्यार्थ्याने 'ऱ्या' मधोमध फोडला, आणि अर्धा र एकटा पडताच तो कशाचा भाग होता हे ओळखणे कठीण झाले.

याहून गंभीर गोष्ट मूळ मजकुरात घडली आहे. तेथे तोच शब्द 'दर्या' असा छापला गेला आहे. दऱ्या आणि दर्या यांतील भेद सजावटीचा नव्हे. एक डोंगरांमधील खोल भाग, दुसरा समुद्र. आचाऱ्यास आणि आचार्यास यांतील घोटाळा वर्गात विनोदासाठी सांगितला जातो, पण तोही अर्थभेदाचाच दाखला आहे. य आणि ह यांच्यापूर्वी येणारा हा र मराठीने जपला आहे. कऱ्हा, तऱ्हा, वाऱ्यावर हे शब्द त्याच्यावाचून लिहिता येत नाहीत. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतंत्र स्थान आहे, तेव्हा हा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांविषयीही हेच म्हणता येईल. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात त्यांची रूपे सांगितली असूनही या पृष्ठावर हिंदी वळणाचे ल आणि श निर्वेधपणे वावरताना दिसतात. दरीचे चित्र काढण्यात ज्याने एवढे श्रम घेतले, त्याच्या मजकुरात दरीऐवजी समुद्र यावा!

अशा अनुकरणाचा यशस्वी नमुना पाहावयाचा तर फार दूर जावे लागत नाही. कामथडीजवळच्या कापूरहोळाहून नारायणपूर-सासवडवरून जाणारा रस्ता जेजुरीला पोहोचतो. अरुण कोलटकरांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी 'जेजुरी'त, गाव आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यानच्या कवितेत, ज्वारीच्या शेतात उड्या मारणारी कोंबडी आहेत; तेथे वर-खाली या अर्थाचे शब्द पानावर खरोखरच वर-खाली विखुरले आहेत. कोलटकर जाहिरातक्षेत्रातील नामांकित रेखाकार होते, हे येथे आठवावे. ती मांडणी चित्र राहत नाही, गती होते, याचे कारण माझ्या मते असे की, मोडलेली आहे ती ओळ, शब्दाचा अर्थ नव्हे. शिवाय ती साऱ्या संग्रहात क्वचित येणारी गोष्ट असून भोवतालची पाने शांत आहेत. हीच कल्पना देवनागरीत उतरवावयाची तर शिरोरेखा सांभाळून सबंध शब्दच हलवावे लागतील. कठीण आहे, अशक्य नाही. दुसऱ्या विद्यार्थ्याने ती कठीण वाट धरली असती तर मी त्याचे अधिक कौतुक केले असते.

तिसरे पृष्ठ प्रथमदर्शनी निरस वाटते. मजकूर एका रकान्यात असून उजवी कड सोडलेली आहे. ओळी वाक्यांशाच्या सांध्यावर तुटतात, त्यामुळे मोठ्याने वाचताना श्वास जेथे घ्यावयाचा तेथेच डोळाही वळतो. मथळा दोन ओळींत विभागला आहे : वर 'काम', आणि पानाच्या तळाशी, मजकुराच्या पायाला समांतर, 'थडी'. भीमथडी, गंगथडी या नावांत 'थडी' काठाच्या अर्थाने येते. येथेही तोच अर्थ धरून विद्यार्थिनीने तो शब्द पानाच्या काठाशी ठेवला आहे. त्यासाठी नदीचे चित्र काढावे लागले नाही. शिवाय विभागणी नेमकी तेथे आहे जेथे उच्चारात 'काम्' पुरा होतो. पहिल्या पृष्ठाने जो सांधा पुसला तो येथे उघड झाला. मम्मटाचीच परिभाषा वापरावयाची तर हे पृष्ठ चित्राकडून व्यंजनेकडे वळलेले आहे.

मात्र त्यालाही दोष आहे. 'काम' एकटे पडले की ते श्रम किंवा उद्योग असे वाचले जाते, आणि पानाच्या तळाशी पोहोचेपर्यंत वाचक चुकीच्या अर्थाने चालत राहतो. दोन घटकांतील अंतर एवढे मोठे नसते तर हे टळले असते. कल्पना खरी, माप चुकले.

मजकुराच्या छपाईकडे दुर्लक्ष करून मथळ्यावरच सारे कौशल्य खर्च करण्याची प्रवृत्ती पहिल्या दोन पृष्ठांत समान आहे. जावजी दादाजींनी १८६४ साली अक्षरे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांवर तेथील अक्षरांची कीर्ती उभी राहिली. त्या छापखान्याच्या 'काव्यमाले'तील पृष्ठांना भावदर्शी म्हणण्याचा मोह कोणाला होणार नाही. मथळे साधे, समास सरळ. पण जोडाक्षरांनी गजबजलेली ओळ तेथे अडखळल्यावाचून वाचता येते. शिरोरेखेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, अशा तीन मजल्यांच्या लिपीला ओळींमध्ये किती मोकळीक लागते, हे त्या पृष्ठांवरून जितके शिकता येते तितके रोमन नियमांवरून नाही.

या स्वाध्यायाला माझा विरोध नाही. नियम आधी सांगून विद्यार्थी रोमनचे अनुकरणच शिकला असता. पृष्ठ रचताना तो निदान शिरोरेखेला धडकला. धडक झाल्यावर त्याला कोणी तरी शब्द मोठ्याने वाचावयास सांगितले पाहिजे, एवढीच उणीव आहे. तिसऱ्या पृष्ठाच्या सातव्या ओळीत वरचा उकार खालच्या रफाराला टेकत होता. मी ते दाखविले तेव्हा विद्यार्थिनीने ओळींतील अंतर वाढविले नाही. तिने वाक्य दोनदा म्हणून पाहिले आणि त्यातील एक शब्द पुढच्या ओळीत नेला. दोन्ही चिन्हे सुटी झाली, आणि वाक्यही बोलण्याच्या अधिक जवळ आले.