विलीनीकरणानंतर शेअर घ्यावा का? एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

दोन फास्ट फूड कंपन्या एकत्र आल्या की बातमीत मोठे आकडे येतात. दुकानं इतकी हजार, विक्री इतके अब्ज. पाठोपाठ 'आता घेऊन ठेवावा का?' हा प्रश्नही येतोच. माझं रोजचं काम प्रयोगशाळेतलं, शेअर बाजारातलं नाही. पण या प्रश्नाच्या उत्तरादाखल एक पेपर नेहमी पुढे केला जातो, आणि तो ज्या पद्धतीने वापरला जातो त्याबद्दल माझी तक्रार आहे.

पेपर लॉफ्रन आणि विज यांचा, 'जर्नल ऑफ फायनान्स', १९९७. त्यांनी १९७० ते १९८९ या काळातले ९४७ सौदे घेतले आणि विकत घेणाऱ्या कंपनीच्या शेअरचं पुढच्या पाच वर्षांत काय झालं ते पाहिलं. तुलना केली साधारण तेवढ्याच आकाराच्या आणि तशाच मूल्यांकनाच्या दुसऱ्या कंपनीशी. आमच्या भाषेत, कंट्रोल ठेवला. जिथे मोबदला म्हणून स्वतःचे शेअर देऊन विलीनीकरण झालं, तिथे परतावा सरासरी २५ टक्के कमी निघाला. जिथे भागधारकांना थेट रोख रकमेचा प्रस्ताव दिला होता, तिथे तो ६१.७ टक्के जास्त!

याचं एक स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. आपला शेअर बाजारात महाग झालाय असं ज्या व्यवस्थापनाला वाटतं, ते रोख कशाला देईल? कागदच देईल. पण इथून लोक थेट नियमावर उडी मारतात: शेअर दिले तर लांब राहा, रोख दिली तर घ्या.

हा नियम वेंडीज या अमेरिकन बर्गर कंपनीला लावून बघू. १९९५ मध्ये तिने कॅनडाची टिम हॉर्टन्स घेतली, स्वतःचे शेअर देऊन. नियमानुसार हा धोक्याचा सौदा. प्रत्यक्षात टिम हॉर्टन्स इतकी वाढली की २००६ मध्ये तिला वेगळी कंपनी करा म्हणून गुंतवणूकदारच मागे लागले आणि तसं झालंही. २००२ मध्ये वेंडीजने बाहा फ्रेश ही मेक्सिकन खाण्याची साखळी २७.५ कोटी डॉलर रोख मोजून घेतली आणि २००६ मध्ये ३.१ कोटींना विकली.

तिसरा सौदा २००८ चा. या वेळी वेंडीजच विकली गेली. घेणारी ट्रायार्क, म्हणजे आर्बीज या सँडविच साखळीची मालक. वेंडीजच्या एका शेअरला ट्रायार्कचे ४.२५ शेअर, रोख नाही. सौदा पूर्ण झाला २९ सप्टेंबर २००८ ला, ज्या दिवशी डाऊ जोन्स ७७७ अंकांनी कोसळला. मुख्यालयाचा खर्च एकत्र करता आला, पण बर्गरचं स्वयंपाकघर वेगळं आणि भाजलेल्या बीफच्या सँडविचचं वेगळं. मंदीत आर्बीजची विक्री घसरली. जुलै २०११ मध्ये तिचा बहुतांश हिस्सा रोआर्क कॅपिटलला गेला. रोख मिळाली सुमारे १३ कोटी डॉलर, शिवाय आर्बीजचं कर्ज रोआर्कच्या अंगावर. वेंडीजने १८.५ टक्के हिस्सा जवळ ठेवला.

पेपर जिंकला? पाच वर्षांची खिडकी २०१३ ला बंद होते. नव्या मालकाकडे आर्बीज सावरली, आणि वेंडीजचा तोवर १२.३ टक्क्यांवर आलेला हिस्सा ऑगस्ट २०१८ मध्ये ४५ कोटी डॉलरला विकला गेला. विलीनीकरण फसलं हे खरंच, पण त्यातून उरलेला तुकडा भागधारकांना पावला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तीन सौद्यांनी ९४७ ची सरासरी खोटी ठरत नाही. माझा आक्षेप वापरावर आहे. एक, ते दोन ठळक आकडे शेजारी ठेवले की दोन गोष्टी एकदम बदलतात: मोबदला आणि सौद्याची पद्धत. मग फरक नक्की कशामुळे? दोन, 'रोख की शेअर' हे कुणी नाणं उडवून ठरवत नाही. त्यामुळे ते कारण नसून फार तर लक्षण असतं. लक्षण दिसलं की तपासणी करायची, लगेच निदान नाही.

तपासणी काय करायची? विलीनीकरणानंतर पहिल्या वर्षी एकूण विक्री वाढलेली दिसणारच, दोन कंपन्यांची बेरीज आहे ती. त्या आकड्यावर भाळून बचत घालू नका. किमान वर्षभर जुन्या असलेल्या दुकानांमधली विक्री बघा, आणि तीही प्रत्येक ब्रँडची वेगळी. आर्बीजचं दुखणं तिथेच दिसत होतं. दोन ब्रँडचा खरेदीदार, पुरवठादार, स्वयंपाकघर यांतलं खरोखर काय सामायिक होणार आहे, तेही विचारा. कंपनी हे आकडे वेगळे दाखवत नसेल, तर मी तरी थांबेन.